गाईच्या अवयवांच्या कॅप्सूल, मेनुदो आणि सासूबाईंची झडप

ह्यूस्टनहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांना चौथा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि थायरॉईडची गोळी रोज चालू आहे. नवऱ्याने गाईच्या अवयवांच्या वाळवलेल्या भुकटीच्या कॅप्सूल आणल्या आहेत: यकृत, हृदय, मूत्रपिंड, स्वादुपिंड, प्लीहा. दुसऱ्या एका बाटलीत थायरॉईड ग्रंथीसुद्धा आहे. ‘ज्या अवयवाचं दुखणं, तो अवयव खा, आपले पूर्वज हेच करत’ असं बाटलीवर लिहिलं आहे. त्या घ्याव्यात का? शेजारच्या मेक्सिकन बाई रविवारी मेनुदो (गाईच्या वजडीचा रस्सा) आणून देतात, तो चालेल का? आणि पुण्यात सासूबाईंना हृदयाची झडप बसवायची आहे. त्या माळकरी आहेत. डॉक्टर ज्या झडपेबद्दल बोलतात ती गाईची असते, हे खरं का?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. थायरॉईडची बाटली आजच बंद करा. यकृत असलेल्या कॅप्सूल बाळंत होईपर्यंत नकोत. मेनुदो गरमागरम असेल तर खुशाल खा. झडपेचं शेवटी बोलू, कारण त्याला जरा वेळ लागेल.

मी पशुवैद्यक. नोकरीतली बरीच वर्षं मांसतपासणीत गेली आणि उरलेली जनावरांच्या अवयवांपासून औषधांचा कच्चा माल काढणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे तोच अवयव एका वाटेने तव्यावर आणि दुसऱ्या वाटेने इंजेक्शनच्या कुपीत जाताना पाहिला आहे. या दोन वाटांत लोकांची गल्लत होते. अवयवात काय आहे हे महत्त्वाचं आहेच, पण तोंडावाटे घेतल्यावर जठर आणि आतड्यातून त्यातलं काय शाबूत सुटतं, यावर सगळं अवलंबून असतं. बाटलीवरचं ‘ज्याचं दुखणं, तोच अवयव’ हे वाक्य इथेच लंगडं पडतं.

आधी यकृत, कारण ते वाक्य तिथे जवळजवळ खरं ठरलं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना पंडुरोगी केलं आणि वेगवेगळं खाणं देऊन पाहिलं. यकृत खाणारी कुत्री सगळ्यात लवकर सावरली. मग १९२६ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पर्निशस ॲनिमिया, म्हणजे तेव्हा जीव घेणारा एक पंडुरोग, झालेल्या ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घातलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. यातला गुणकारी घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते शुद्ध स्वरूपात हाती आलं १९४८ मध्ये.

गंमत अशी की या रुग्णांच्या जठरात बी-१२ शोषायला लागणारं प्रथिन तयारच होत नाही. म्हणजे दार बंद. तरीही यकृताने गुण आला, कारण तोंडावाटे गेलेल्या बी-१२ पैकी साधारण एक टक्का त्या दाराशिवायही फटीतून झिरपतो, आणि यकृतात ते इतकं ठासून भरलेलं असतं की एक टक्क्यानेही काम भागतं. रेणू लहान, शिजवल्यावर बराचसा टिकणारा, पचनात न मोडणारा. म्हणून जमलं.

याच गोष्टीचा दुसरा भाग मुंबईत घडला. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी. विल्सबाईंनी त्या काय खातात ते पाहिलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की या बायका बऱ्या होतात. यकृताच्या कच्च्या अर्कानेही होतात. पण पर्निशस ॲनिमियावर चालणारा, जास्त शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथे चालत नाही. म्हणजे यकृतात रक्त भरून काढणारी एक नव्हे, दोन द्रव्यं होती. दुसरं ते फॉलिक ॲसिड. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लिहून दिलेल्या त्या छोट्या गोळीची मुळं परळ-लालबागच्या गिरणगावात आहेत, हे बहुतेक कुणी सांगितलं नसेल.

मग मी यकृत नको का म्हणतो? हिशेब करू. अशा कॅप्सूलचा दिवसाचा डोस साधारण ३ ग्रॅम भुकटीचा असतो. यकृतात सत्तर टक्के पाणी, म्हणजे ताजं यकृत झालं जेमतेम १० ग्रॅम. त्यातून लोह मिळतं अर्धा मिलिग्रॅम. गरोदरपणी रोजची गरज २७ मिलिग्रॅम आहे आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. हिमोग्लोबिन ९.८ आहे म्हणून अर्ध्या मिलिग्रॅमच्या मागे लागणं म्हणजे आजार अंगावर काढणं. बी-१२ मात्र दिवसाच्या गरजेच्या दुपटीएवढं मिळतं, ते मान्य. पण सोबत ‘अ’ जीवनसत्त्वही येतं, तेही थेट वापरात येणाऱ्या रूपात, गाजरातल्यासारखं गरजेपुरतं बदलून घेता येणारं नव्हे. शिजवलेल्या १०० ग्रॅम गोयकृतात ते ९ हजार मायक्रोग्रॅमच्या घरात असतं. दिवसाची सुरक्षित वरची मर्यादा ३ हजार. गर्भाच्या घडणीत या रूपातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक व्यंग आणू शकतो. ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना यकृत खाऊच नका असं सरकारी आरोग्यसेवा सांगते ते याचमुळे. एकट्या कॅप्सूलमधून मर्यादा ओलांडणार नाही, पण तुमच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये ‘अ’ आहे, दूध-सिरियलमध्ये वरून घातलेलं आहे, त्यात ही भर कशाला? लोहाची गोळी नियमित घ्या. ती पोटाला सोसत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. प्रकार बदलता येतो, शिरेतूनही देता येतं.

गरोदर नसलेल्या धडधाकट माणसाने आठवड्यातून एकदा यकृत खाल्लं तर ते उत्तम अन्न आहे. गाउट किंवा युरिक ॲसिडवाल्यांनी लांब राहावं. विल्सन्स आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या अंगात तांबं साठत जातं त्यांनी, तर अजिबात खाऊ नये, तांबं प्रचंड असतं त्यात.

आता थायरॉईड. अवयव खाऊन काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या साउथ डकोटा, आयोवामध्ये लोकांना एकाएकी धडधड, हातांना कंप, झोप उडणं, वजन घटणं सुरू झालं. १२१ रुग्ण सापडले. कुणाच्याही थायरॉईडला काही झालेलं नव्हतं. दोष निघाला हॅम्बर्गरच्या खिम्यात. एका कारखान्यात गुरांच्या गळ्याजवळचं मांस खरवडून खिम्यात टाकत होते आणि त्यासोबत थायरॉईड ग्रंथीही जात होती. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, हा लहान, चिवट रेणू. तव्यावर मरत नाही, पोटात मोडत नाही. तुमची रोजची गोळी तोंडाने घेता येते तीही याच गुणामुळे. त्यानंतर गळ्याची ती खरवड मांसात घालणं बंद झालं. कत्तलखान्यात ग्रंथी वेगळी काढताना कामगार कंटाळतात, ‘साहेब, एवढ्याशा बोंडाने काय होतंय’ म्हणतात, तेव्हा ही हकीगत सांगावी लागते.

बाटलीवर ‘हार्मोन काढून टाकलेलं’ असं लिहिलं असलं तरी भरवसा ठेवू नका. अशा भुकट्या तपासल्यावर काहींत हार्मोन सापडलेलं आहे. गरोदरपणात तुमचा डोस टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघून सतत बसवावा लागतो. त्यात बाहेरून अनोळखी मात्रा आली की डॉक्टरांचा सगळा हिशेब चुकतो. पुढच्या भेटीला बाटली सोबत न्या आणि किती दिवस घेतली ते स्पष्ट सांगा.

स्वादुपिंडाची कथा नेमकी उलटी. १९२१ मध्ये टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर सुरुवात केली, पण पुरेसा अर्क मिळेना. बँटिंग शेतकऱ्याच्या घरचे. कत्तलीआधी गाय गाभण ठेवायची पद्धत त्यांना ठाऊक होती. गर्भातल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचक रस अजून तयार झालेले नसतात, पण इन्सुलिन असतं. म्हणून ते कत्तलखान्यातून वासरांचे गर्भ आणू लागले. पुढे मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही अल्कोहोल वापरून काढता येऊ लागलं. ११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते फारसं लागू पडलं नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला आणि २३ जानेवारीला दिलेल्या इंजेक्शनने मुलाची साखर उतरली.

कारखान्यात काम केलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच कळते. स्वादुपिंडात इन्सुलिन आणि ट्रिप्सिन शेजारी शेजारी असतात, आणि ट्रिप्सिनचं कामच प्रथिनं तोडणं. जनावर पडल्यापासून ग्रंथी थंड करायला उशीर झाला की आतलं इन्सुलिन आतच पचून जातं. आमच्याकडे ग्रंथी काढायची, चरबी सोलायची आणि मिनिटांत गोठवायची, एवढ्यावरच मालाचा भाव ठरायचा. सुरुवातीच्या काळात दोन टन ग्रंथींतून आठ औंस, म्हणजे पाव किलोपेक्षाही कमी शुद्ध इन्सुलिन निघायचं. गाईचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून तीन अमिनो आम्लांनी वेगळं, डुकराचं एकाने. तेवढ्या फरकानेही काहींना सुईच्या जागी गाठी यायच्या, अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायची. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. आपल्याकडे वोखार्टने ते औरंगाबादेत बनवून २००३ मध्ये आणलं. त्याआधी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत, अगदी कडक शाकाहारी घरांतही, फ्रिजच्या दारात गाईचं किंवा डुकराचं इन्सुलिन असायचं. कुणी लेबल वाचत नसे, हे बरंच होतं.

एवढं सांगितलं ते यासाठी, की हेच स्वादुपिंड कॅप्सूलमध्ये घालून गिळलं तर इन्सुलिन पोटातच पचतं. साखरेवर परिणाम शून्य. हां, पचनाचे विकर मात्र तोंडाने दिलेले चालतात, कारण त्यांचं काम आतड्यातच असतं, रक्तात जायचंच नसतं. स्वादुपिंड निकामी झालेल्यांना देतात ती औषधी कॅप्सूल हीच. ती बहुतेक डुकराची असते आणि जठरातलं आम्ल लागू नये म्हणून तिला आवरण असतं. आपल्याकडे दात काढला, पाय मुरगळला की ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची गोळी सर्रास लिहितात. तीही गुरांच्या किंवा डुकरांच्या स्वादुपिंडातलीच. सूज उतरवायला ती रक्तात कितपत पोचते याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

तोंडाने चालत नाही म्हणून दुसऱ्या वाटेने द्यायच्या गोष्टींची यादी मोठी आहे. त्यातली मला सगळ्यात आवडणारी फुप्फुसाची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं उघडत नाहीत, कारण आतलं पृष्ठताण कमी करणारं द्रव्य तयार झालेलं नसतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं हे सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि निळी पडलेली बाळं गुलाबी होऊ लागली. आज भारतातल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत, गाईच्या आणि डुकराच्या फुप्फुसांपासून बनवलेली सर्फॅक्टंटं रोज वापरात आहेत. मजा म्हणजे तुमच्या अमेरिकेत हीच फुप्फुसं माणसाने खायला १९७१ पासून बंदी आहे. पालेर्मोच्या रस्त्यावर मात्र वासराची प्लीहा आणि फुप्फुस चरबीत परतून, पावात घालून, वर चीज टाकून विकतात. प्लीहेत यकृताच्या कितीतरी पट लोह असतं, १०० ग्रॅमला चाळीस मिलिग्रॅमच्या वर. कॅप्सूलवाल्यांनी नुसती प्लीहा विकली असती तर लोहाचा दावा थोडा तरी शोभला असता.

पित्ताकडे कुणाचं लक्ष जात नाही. १९४० च्या दशकात पहिलं कृत्रिम कॉर्टिसोन बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून जास्त पायऱ्या चढून बनवलं होतं. आजही अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध मुख्यतः गुरांच्या पित्तापासूनच बनतं. गरोदरपणात पित्त साचून अंगाला खाज सुटली तर हेच लिहून देतात, तेव्हा दचकू नका. ते शुद्ध रसायन असतं. पित्ताशयातला खडा म्हणजे गोरोचन. चिनी औषधांसाठी त्याला सोन्याच्या तोडीचा भाव मिळतो. कत्तलखान्यात पित्ताशय फोडणाऱ्या माणसावर नजर ठेवायला दुसरा माणूस असतो, यावरून काय ते समजा.

आता बाटलीवरच्या ‘पूर्वजांबद्दल’ दोन शब्द. आपल्याकडे गुरांचे अवयव कुणाच्या ताटात होते? गावकुसाबाहेरच्या. मेलेलं ढोर ओढायचं काम जातीने लादलेलं, आणि त्याचं मांस हाच मोबदला. वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चाण्या हे सगळं कौशल्य उपासमारीतून आलं. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडायला सांगितलं, लोकांनी ते सोडलं, आणि त्यासाठी मारही खाल्ला. त्याच खाण्याला आता काचेच्या बाटलीत भरून ‘प्राचीन शहाणपण’ म्हणून डॉलरमध्ये विकतात. असो.

खाण्याचं म्हणाल तर अवयवांवर माझा काहीच राग नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे मुंबईत बोहरी मोहल्ल्यात ‘बडे का’ म्हणून मिळणारी खिरी म्हशीची. निखाऱ्यावर भाजलेली खिरी म्हणजे कास. चावताना आधी तटतटते, मग दुधाळ चव सुटते. गोव्यात जीभ मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवून, वजनाखाली दाबून ठेवतात आणि उकडून पातळ काप करतात. जिभेचं एकच पथ्य: उकडल्यावर गरम असतानाच वरचं खरबरीत कातडं सोलायचं. गार झाली की ते सुटत नाही, मांसासकट निघतं. टेक्सासमध्ये मोयेहास मिळतील, म्हणजे वासराची थायमस. थंड पाण्यात मुरवायची, उकळीला दाखवायची, पापुद्रा काढायचा आणि मग कोळशावर. हृदय तर निव्वळ स्नायू. पेरूमध्ये मिरची-व्हिनेगर लावून त्याचे तुकडे सळईवर भाजतात.

मेनुदो म्हणजे जठराचा, म्हणजे आपल्या वजडीचा रस्सा. त्यात पाय, मक्याचे फुगवलेले दाणे आणि लाल मिरची. तासन्तास उकळलेला असतो, म्हणून निर्धास्त खा. तुम्ही स्वतः करणार असाल तर दुकानातली वजडी पांढरीशुभ्र असली तरी मीठ आणि लिंबू लावून चोळा, पहिलं उकळीचं पाणी टाकून द्या, नाहीतर घरभर वास राहतो. मीठ बेताचं, पायांना सूज असेल तर आणखी कमी.

कच्चं यकृत, किंवा ‘नुसतं गोठवून कापलेलं’, हे खूळ कुणी डोक्यात घातलं तर ऐकू नका. यकृत तपासताना आम्ही आधी तळहाताने दाबून पाहतो. निरोगी असेल तर कडा धारदार, अंग गुळगुळीत. कडा बोथट झाल्या की पित्तनलिकांवर सुरी आडवी घालायची. जुना लिव्हर फ्लूक असेल तर सुरीखाली करकर आवाज येतो, कारण नलिकांच्या भिंतीत चुना साठलेला असतो; दाबलं की पानासारखे चपटे कृमी काळपट पित्तासोबत बाहेर सरकतात. असं यकृत बाद. भातशेतीच्या, तळ्याकाठच्या जनावरांत हे जास्त. पण जीवाणू सुरीला दिसत नाहीत. जपानमध्ये कच्चं गोयकृत आवडीने खायचे. आतल्या भागातही घातक ई. कोलाय सापडल्यावर २०१२ मध्ये त्यावर बंदी आली. एकदा भुकटी झाली की तर तपासायला काहीच उरत नाही, सगळं कंपनीच्या शब्दावर.

भेजा मात्र गुरांचा नकोच, निदान परदेशात. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांचा बीएसई, म्हणजे मेंदू पोखरणारा ‘मॅड काऊ’ आजार, ओळखला गेला. १९९६ मध्ये तो खाण्यातून माणसात येतो हे सरकारने कबूल केलं, आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पचनातून शाबूत सुटणाऱ्या गोष्टींत हा आजार आणणारं बिघडलेलं प्रथिन, म्हणजे प्रिऑनही आहे. उकळून, तळून, कशानेच तो जात नाही. अमेरिकेत तीस महिन्यांवरच्या गुरांचा मेंदू आणि मज्जारज्जू, तसंच सगळ्याच गुरांच्या लहान आतड्याचं शेवटचं टोक खाद्यातून काढतात. बकऱ्याचा भेजा फ्राय ही वेगळी गोष्ट.

राहिली सासूबाईंची झडप. होय, खरं आहे. बऱ्याचशा जैविक झडपा गाईच्या हृदयावरच्या आवरणाच्या असतात, काही डुकराच्या झडपेच्या. ते आवरण कागदासारखं पातळ. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवून त्यातली जिवंत पेशी मारतात, म्हणजे शरीर ते परकं म्हणून फेकत नाही. धातू-कार्बनची यांत्रिक झडप पूर्ण निर्जीव असते आणि जास्त टिकते, पण तिच्यासोबत आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि सारख्या आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे ते पाहणाऱ्या) तपासण्या येतात. पासष्टीच्या पुढे सहसा जैविक सुचवतात ते त्यामुळेच. आणि एक गोष्ट सर्जन कदाचित आपणहून सांगणार नाहीत: झडप कुठलीही बसवली तरी ऑपरेशनच्या वेळी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावंच लागतं, आणि ते डुकराच्या किंवा गुरांच्या आतड्यातूनच काढतात. त्यामुळे यांत्रिक झडप घेतली म्हणजे प्राण्याचा संबंधच आला नाही, असं होत नाही.

हे सासूबाईंना ऑपरेशनच्या तारखेआधी, मुलाने शेजारी बसून सांगावं. माळेचं काय करायचं ते त्या ठरवतील. लपवून बसवू नका. सर्जनना तीनच प्रश्न विचारा: झडप कोणत्या प्राण्याची, त्यांच्या वयात ती किती वर्षं टिकेल, आणि यांत्रिक घेतली तर गावाकडे आयएनआर दर महिन्याला कुठे करता येईल.